डावा हात आणि ऑरिनचं हेल्मेट

४ मार्च

बाकावर! परत बाकावरच!

हॅगर्टी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हॉलिस, लॅक्रॉसच्या काठीला दोन हात लागतात. तुझा डावा काय शोभेला ठेवलायस?" सगळी टीम हसली. सगळ्यात मोठ्यांदा ऑरिन. हा माझा मावसभाऊ, शेजारच्याच घरातला. आणि पहिल्या दहांतली जी जागा माझी असायला हवी, तिथे हाच खेळतो.

शहरातल्या शाळेशी मॅच या महिन्याच्या शेवटी. तेव्हा त्या जागेवर मी असणार. बघाच!

५ मार्च

आजपासून सगळं डाव्या हाताने. दात, बुटाच्या नाड्या, जेवण. रात्री मक्याचं सूप निम्मं माझ्या पोटात, निम्मं रमोना मावशीच्या मांडीवर. मावशी म्हणजे ऑरिनची आई. "मेल्या, तोंड कुठे असतं तेही विसरलास का?" म्हणाली, पण वाडगा पुन्हा भरून दिला.

९ मार्च

बंबखान्याच्या मागच्या भिंतीवर खडूने ऑरिनचं तोंड काढलं. सुपाएवढे कान, दात पुढे. काठीच्या टोकाच्या जाळीतून डाव्याने बॉल मारायचा — नाकावर बसला तरच खरा. सुरुवातीला भिंत सोडून सगळीकडे लागत होता, बंबालासुद्धा! संध्याकाळी एक कान उडवला.

सर 'टीमसाठी खेळा, टीमसाठी खेळा' म्हणतात. त्याने माझा हात हलत नाही. ऑरिनच्या नाकाने हलतो.

१० मार्च

डावा खांदा वर होईना. ही ओळ उजव्याने लिहिली. कुणाला कळायचं कारण नाही.

१५ मार्च

व्हर्नन मामाकडे मेपलचा पाक आटवायला सगळे जमलो होतो. मामाने कढईत ढवळता ढवळता विचारलं, "भिंतीवर कोण आहे रे तो?"

"कुणी नाही."

"कुणी नाही, पण कान आपल्या ऑरिनचे आहेत."

ऑरिन खो खो हसला. "कान असू देत, पण माझे दात तसे नाहीत हं!" आणि वर मलाच शिकवतो — "मारताना डावा खांदा जरा खाली घे. मग नेम चुकत नाही."

मोठा आला शहाणा!

१६ मार्च

खांदा खाली घेतला. नाकावर. परत नाकावर. परत! इतकी चिडचिड कधी झाली नव्हती.

२४ मार्च

सर म्हणाले, "डावा जागा झाला की रे!" मी फुगलो. पुढे म्हणाले, "पण शनिवारी सुरुवातीला ऑरिनच. तू मागून." फुगा फुटला.

मग एक गंमत सुचली. इथे लिहीत नाही.

२८ मार्च

आता लिहितो. मामाचं सांधेदुखीचं उग्र वासाचं मलम. ऑरिनच्या हेल्मेटात, कपाळाला टेकते त्या गादीवर. थोडंसंच!

त्याला घाम फुटला, मलम वितळलं, डोळ्यांतून धारा. "हॉलिस, आत!" सर ओरडले. तीन गोल मारले! तिन्ही डाव्याने! जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. ऑरिन बाकावर डोळ्यांवर ओला टॉवेल बांधून टाळ्या वाजवत होता — भलत्याच दिशेला तोंड करून. मला एवढं हसू आलं!

रात्री मावशीकडे जेवण. माझी लाकडी काठी दारात आडवी पडली होती. आमच्या जमातीत बायका त्या जुन्या पद्धतीच्या काठीला हात लावत नाहीत, म्हणून मावशी वळसा घालून आली. माझा हात धरला. वास घेतला. सोडला.

"भाकरी घे," म्हणाली. एक शिवी तरी द्यायची!

३० मार्च

मामाने घरोघरी सांगितलं — रविवारी औषधाचा खेळ, म्हणजे आजारी माणूस बरा व्हावा म्हणून सगळ्या गावाने खेळायचा लॅक्रॉस. कुणीतरी आजारी आहे, त्याच्या घरच्यांनी रीतीप्रमाणे तंबाखू देऊन खेळ मागितलाय. कोण ते सांगेना. असेल कुणी म्हातारं.

यात हेल्मेट नाही, बाक नाही. आजे, बाप, शेंबडी पोरं सगळे एकत्र, फक्त लाकडी काठ्या. जिंकण्याला किंमत नसते म्हणे. नसू दे! माझा डावा सगळ्या गावाला दिसेल. काठीला तेल लावून ठेवलं.

५ एप्रिल

मैदानात पळत उतरणार, तोच मामाने दंड धरला. "तू बस. ज्याच्यासाठी खेळतात, तो खेळत नसतो."

खेळ रमोना मावशीने मागितला होता. आजारी मी! मी हसलो. कुणीच हसलं नाही.

सगळे माझ्यासाठी पळत होते. सगळ्यात जास्त ऑरिन. संपल्यावर धापा टाकत आला आणि खेळातला हरणाच्या कातड्याचा बॉल माझ्या ओंजळीत ठेवला.

"बरा हो रे," म्हणाला.