आपला अमेरिकेतला माणूस

आई,

तुझं ते अमेरिकन पुस्तक मला सापडलं. तुझी प्रत नव्हे, पण त्याच माणसाच्या सगळ्या गोष्टी आणि सगळी चित्रं एकत्र केलेला जाडजूड खंड. गेल्या महिन्यात जनावरांच्या लसीकरणाच्या बैठकीसाठी पुण्याला गेले होते. बैठक लवकर आटोपली, म्हणून समोरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरले, तर टेबलावर ते कुत्रं. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर 'माझं काही चुकलं का?' असा भाव. चार रेघांचं सगळं काम. मी उभ्या उभ्याच "अगं बाई!" म्हणाले, तेही एवढ्या मोठ्यानं की गल्ल्यावरची मुलगी दचकली. तुझ्या पुस्तकाला कव्हर नव्हतं, पुढची पानंही नव्हती, त्यामुळे ते कुणी लिहिलंय हे आपल्याला कधी कळलंच नाही. आता नाव ठळक अक्षरांत समोर आहे. पण तुला ते सांगून काय करू? तू त्याला 'आपला अमेरिकेतला माणूस' म्हणायचीस, जणू आपल्या गावचं, निरवांगीचंच कुणीतरी पोटापाण्यासाठी तिकडं गेलंय.

बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. भवानीनगरच्या कारखान्याच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडून आपण इंदापूरला दोन खोल्यांत आलो आणि तू शाळेत इंग्रजी शिकवायला लागलीस. तुझी बी.ए.ची पदवी बरीच वर्षं ट्रंकेत पडून होती. वर्गात बोलताना जीभ अडखळते, असं तू शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं होतं. मग शाळेच्या कामासाठी एकदा बारामतीला गेलो असताना, एसटीला वेळ होता म्हणून तू मला घेऊन स्टँडजवळच्या रद्दीच्या दुकानात गेलीस. मला चांदोबा मिळेल असं वाटलं होतं. तू ढिगातून ते बोडकं पुस्तक उपसलंस, "इंग्रजी सुधारायला बरं आहे," म्हणालीस, आणि परतीच्या गाडीत पर्स मांडीवर घेऊन, चेहरा अगदी परीक्षेला बसल्यासारखा करून वाचायला लागलीस.

त्यानंतर किती दिवसांनी ते आठवत नाही, पण संध्याकाळ होती. मी पाढे लिहीत बसलेय. तू चुलीपुढं नाही, स्टोव्हपुढं. परातीत पीठ, आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं ते पुस्तक. एकाएकी तू परात बाजूला सारतेस आणि भिंतीला टेकून खाली बसतेस. तोंडावर पिठाचा हात, खांदे गदागदा हलतायत. मला वाटतं, तू रडतेयस. बाबा गेल्यापासून मला तेवढंच पाहायची सवय झाली होती. मी धावत आले, तर तू हसत होतीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज फुटेपर्यंत हसत होतीस. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. तू मला जवळ ओढून ते चित्र दाखवलंस आणि मराठीत गोष्ट सांगितलीस: पाहुणे उठता उठेनात, म्हणून कंटाळलेला यजमानच "बराय, येतो मी," म्हणून स्वतःच्या घरातून निघून जातो. आपण दोघींनी जळकी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि मी झोपेपर्यंत एकमेकींना "बराय, येतो मी," म्हणत राहिलो.

ती गोष्ट या खंडात आहे. मी दवाखान्यात वाचत होते, दुपारी, गर्दी नसताना. टेलिफोन घ्यायच्या आधी दागिने घालून, केस विंचरून बसणारी आत्याबाईही आहे. ते चित्र पाहून मला हसू आवरेना आणि नेमका तेव्हाच एक शेतकरी गाईचं औषध न्यायला दारात आला. "डॉक्टरबाई, बरं हाय न्हवं?" म्हणाला. मी त्याला कुत्र्याचं चित्र दाखवलं. त्यानं पुस्तक लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "ह्याच्या मागच्या पायाला सांधाच न्हाय की." मी म्हटलं, "नाहीच. मी जनावरांची डॉक्टर, माझ्याही ध्यानात आधी तेच आलं." तो आणखी जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तरी पन आमच्या घरच्यागत दिसतंय. चप्पल पळवून आनल्यावर आसंच बसतंय." मग आम्ही दोघंही हसलो. आई, इतकी वर्षं या पुस्तकाकडे मी फक्त आठवण म्हणून बघत होते. ते अजून इतकं ताजं असेल असं वाटलं नव्हतं. मी रोज जेवणानंतर चार पानं वाचते आणि पुढची पानं संपू नयेत म्हणून मुद्दाम थांबते.

पण आबा आणि आत्या आले होते त्या दिवसाबद्दल तुला विचारायचंय. तुला आठवत असेलच. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. सुट्टीचा दिवस, आणि दोघं कळवल्याशिवाय निरवांगीहून आले. आबा काठी कोपऱ्यात ठेवून पलंगावर बसले. बोलली आत्याच. "तुज्या शेजारनीनं मला बाजारात गाठून सांगितलं. तुमची वैनी सैपाकघरात एकटीच खदाखदा हसती म्हनं. माजा भाऊ जाऊन वरीस न्हाय झालं गं!" तिचा आवाज चिरकला. आबा तुझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, एकटं ऱ्हाऊन मानसाच्या डोस्क्यावर परिनाम हुतो. पोरीला घे आन् गावाकडं चल. नोकरीचं मागनं बगू." मला आठवतं, मी दप्तर पोटाशी धरलं होतं. मला शाळा सोडायची नव्हती. तुझा चेहरा मात्र पांढरा पडला होता. आबांचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

तू म्हणालीस, "आबा, मला वेड लागलेलं नाही. मी पुस्तक वाचून हसते."

"हासन्यासारकं काय हाय त्यात?"

"सांगते. ऐकून मग ठरवा."

तू पुस्तक आणलंस, मधलं एक पान उघडलंस, त्यावर बोट ठेवलंस आणि सांगायला लागलीस. अमेरिकेत एक भिडस्त माणूस होता. कुणाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. एक दिवस कामावरून घरी आला, तर दारातून आत आलेलं एक भटकं कुत्रं त्याच्या खुर्चीवर बसलेलं. घरात खुर्ची ती एकच. बायको म्हणाली, हाकला त्याला. तो म्हणाला, असं कसं, दमून आला असेल. मग तो माणूस उभ्यानं चहा पिऊ लागला, उभ्यानं पेपर वाचू लागला. पुढं एक दिवस त्याचे म्हातारे वडील गावाकडून दोन गाड्या बदलून आले. बायकोला वाटलं, आता तरी हा कुत्र्याला उठवेल. तर हा वडिलांना हळूच म्हणतो, "जरा सतरंजीवर बसता का? त्याचा आत्ताच डोळा लागलाय."

आबांनी मान वर केली. "मग म्हातारा काय म्हनला?"

"काय म्हणणार? बसले सतरंजीवर. वर पोरालाच म्हणाले, बत्ती बारीक कर, त्याच्या डोळ्यांवर येती."

आबांनी उपरण्याचा बोळा तोंडाला लावला. आधी नुसता घशातून आवाज आला, मग ते पलंगावर पुढं-मागं हलायला लागले. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिची पाठ हलत होती. आबा हसता हसता डोळे पुसत होते आणि पुसून झाले तरी पुसतच होते. "तुजा त्यो अमेरिकेचा म्हातारा लई शाना हाय," ते म्हणाले. तू म्हणालीस, "त्याचा मुलगाही." आबांनी उपरणं मांडीवर घेऊन त्याची नीट घडी केली. मग आबा म्हणाले, "व्हय. पोरगं बी." आणि थोड्या वेळानं, लहान मुलासारखं, "ते सतरंजीचं पुन्हा सांग."

तू पुन्हा सांगितलंस. चहा झाला. आबांनी काठी घेतली. "चल गं, गाडी चुकंल." आत्या म्हणाली, "आन् हिला न्यायचं?" "कशाला? हितं बरी हाय ती." त्यानंतर निरवांगीला चल असं आपल्याला कुणीच म्हणालं नाही. दारात वहाणा घालताना आत्या थांबली आणि तुला हळूच विचारलं, "कुत्र्याचं फुडं काय झालं?" तू म्हणालीस, "दुसरी खुर्ची आणायला गेला, तर कुत्रं बरोबर आलं, नव्या खुर्चीवर जाऊन बसलं, जुनी ह्याला सोडली. मग हा बायकोला म्हणतो कसा, बघ, मी म्हणत नव्हतो, तो समजूतदार आहे?"

आई, ही गोष्ट या खंडात नाही. आधी वाटलं नजरेतून सुटली. अनुक्रमणिका पाहिली, मग पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा चाळलं. चित्रांखालच्या ओळीसुद्धा वाचल्या. कुत्री भरपूर आहेत. खुर्च्याही आहेत. भिडस्त नवरेही आहेत. पण सतरंजीवर बसणारे वडील कुठंच नाहीत. तुझ्या प्रतीत पाहावं, तर तीही नाही. पानं सुटी व्हायला लागली तेव्हा तू ती वर्गात एकेका मुलीला मोठ्यानं वाचायला दिलीस आणि घरी नेऊ दिलीस.

म्हणून मी गेल्या रविवारी गाडी काढून निरवांगीला गेले. आत्या आता फार थकलीय, पण कान शाबूत आहेत. अंगणात बाजेवर बसली होती. मी तिला पुस्तक दाखवलं, म्हटलं, "ती खुर्चीवरच्या कुत्र्याची गोष्ट यात सापडत नाही गं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आगं येडे, ती पुस्तकात कशी आसंल? त्यो तुजा बा! तुज्या जन्माच्या आदी कॉलनीत कुत्रं आलं व्हतं. आबा भवानीनगरला गेलं, तर तुज्या बानं त्यास्नीच बसवलं सतरंजीवर. घरी येऊन आबा चार दिस फुगून बसलं व्हतं." मग बोळक्या तोंडानं हसत म्हणाली, "बत्तीचं तेवडं तुज्या आयनं घुसडलं. आबा तसलं काय म्हनलं न्हवतं. पन त्या दिवसापासनं आबाच समद्यास्नी सांगत सुटलं, म्यांच म्हनलो व्हतो, बत्ती बारीक कर."

मी तिच्या बाजेवर बसूनच राहिले. तुझं पानावरचं बोट आठवलं. ते एका जागी होतं. ओळीवरून सरकत नव्हतं. त्या खोलीत तुम्ही तिघं बाबांबद्दल बोलत होता, आणि ते न कळलेली एकटी मीच. तू मला पुढं तरी का सांगितलं नाहीस, असं क्षणभर मनात आलं. मग वाटलं, तू कितीतरी वेळा सांगितलंस. मी मागेन तेव्हा सांगितलंस. वडील नसलेल्या मुलीला आठवण म्हणून काही द्यायचं, तर रडकं तुला द्यायचं नव्हतं.

बाबांचं मला काही आठवत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. आता तसं म्हणता येणार नाही. तू आता नाहीस, हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा तुला खरं काय ते सांगून टाकते. गेला आठवडाभर डोळे मिटून मी त्या खुर्चीशेजारी बाबांना उभं करायचा प्रयत्न करतेय. भवानीनगरचं क्वार्टर दिसतं. सतरंजीवरचे आबा दिसतात. कुत्रं तर स्पष्ट दिसतं. पण खुर्चीशेजारचा माणूस अजून गोरापान, सुटाबुटातला आहे, आणि कुत्र्याची माफी इंग्रजीतच मागतोय.