दोन बोटं माया

पार्ले, ९ ऑक्टोबर १९८४, संध्याकाळ

आजही ताई म्हणाली, "बघ, निळा ब्लाऊज कसा फिट बसतोय! अंग धरायला लागलीस गं." टीबी निघाल्यापासून हेच. आणि मी येडी, खूश होऊन दोन घोट पेज जास्त प्यायचे.

ती भाजी आणायला गेली तेव्हा तुटलेलं हुक लावायला ब्लाऊज उलटा केला. आतल्या बाजूला शेजारीशेजारी तीन टिपा. उसवलेल्या जुन्या टिपेची भोकं अजून दिसतायत. म्हणजे मी झोपले की ही ब्लाऊज आत घेत होती. मी वाळत गेले, तसा तोही. शिवणीत दोन बोटं माया जमलीय. आई आमचे फ्रॉक शिवताना म्हणायची, माया ठेवावी, पोरी वाढतात.

चिडू तरी कुणावर? तिसरी टीप वेडीवाकडी आलीय. ताईची टीप कधी वाकडी जात नाही.

ती आल्यावर म्हटलं, "ताई, निळा ब्लाऊज काखेत काचतोय गं. थोडा सैल कर ना."

ती बघतच राहिली. मग ब्लाऊज हातात घेऊन, माझ्याकडे पाठ करून बसली.

"करते हं," म्हणाली. "माया आहे आत भरपूर."