ओढ्याच्या तीन जागा

९ जानेवारी २०११, रविवार

गुडघे धरलेत. तरी खूश आहे!

चोवीस वर्षं देवगाव रंगारीच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि गावाबाहेरच्या ओढ्यात एकदाही उतरले नव्हते. फळ्यावर आकृती काढली की मोकळी. निवृत्तीनंतर शहरात एक शिबिर केलं, पाण्यातल्या किड्यांवरून पाणी कसं ओळखायचं ते शिकले. ते बद्रीनाथच्या कानावर गेलं. जुना विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीत आहे. फोन आला— “बाई, गावची विहीर ओढ्यालगत हाय. पानी कसं हाय ते तपासा अन् कागदावर लिहून द्या.”

सकाळच्या एसटीनं गेले. तीन जागा ठरवल्या : वर खडकाळ भाग, मध्ये पूल, खाली विहीर. आज फक्त वरची. दगड उलटा केला तर खाली तीन शेपट्यांच्या अळ्या! चिमुकल्या, चपळ. पाणी बिघडलं की आधी याच मरतात. एका ताटलीत एकोणीस. वाळूचे कण चिकटवून घर करणारी अळीही सापडली. भिंगातून बघता बघता बस चुकली.

१६ जानेवारी

पुलापाशी अळ्या अकरा. ठीक. विहिरीपाशी एकही नाही. नुसते लाल किडे, गाळात वळवळणारे, घाणीतही तगणारे. आणि वास.

दुपारी बद्रीनाथकडेच जेवले. त्याच्या आई, सारजाबाई, गरम भाकरी वाढतच होत्या. वडील आप्पासाहेब— गावातले मोठे अद्रकवाले, मोठा आवाज. म्हणाले, “त्यो रस्त्यावरचा ढाबा हाय ना, समदं खरकटं वढ्यात सोडतो. लिवा त्याचं नाव!”

बद्रीनाथ मान खाली घालून जेवत होता.

१७ जानेवारी

तीनदा साबण लावला. हाताचा वास जात नाही.

२३ जानेवारी

ढाब्याची नाली पुलाच्या खालच्या अंगाला ओढ्याला मिळते. तिच्या वर दहा अळ्या, खाली आठ. म्हणजे ढाबा धुतल्या तांदळाचा नाही, पण ओढा त्यानं मारलेला नाही.

मग काठाकाठानं खाली चालत गेले. एका वळणावर शेतातून पाट येत होता, तांबडाभडक. वर मोटार चालू, पाइपाच्या जोरानं अद्रक धुणं चाललेलं. सगळी माती, अद्रकीला दिलेलं कंदकुजीचं औषध, सगळं सरळ पाण्यात. औषधाचे डबेही तिथंच खंगाळून उपडे घातलेले. पाटाच्या खाली जाळं लावलं. शून्य. पुन्हा लावलं. शून्य.

धुणाऱ्या बाईला विचारलं, शेत कुणाचं?

“आप्पासायबाचं की!”

२५ जानेवारी

अहवाल लिहायला बसले आणि उठले. “खालच्या जागेची नोंद अपुरी” एवढं लिहिलं तरी चालेल. कोण विचारणार? बद्रीनाथचं गावात नाव होतंय. मी त्याच्याच घरी जेवते.

आणि त्या विहिरीचं पाणी पोरंबाळं पितात.

३० जानेवारी

आधी घरात सांगायचं ठरवलं, गावात नंतर. ओसरीवर आप्पासाहेब, बद्रीनाथ, दारात सारजाबाई. सांगितलं.

“माझ्या घरचं खाऊन माझ्याच नावानं बोंब?” आप्पासाहेब उठलेच. “पंधरा वर्सं झाली अद्रक धुतोय. कोन मेलं?”

“अजून नाही मेलं कुणी. ओढ्यातलं मेलंय. चला, दाखवते.”

“किडं दाखवता व्हय मला!”

तेवढ्यात सारजाबाई म्हणाल्या, “जावा की. बाई म्हातारपनी गुडघाभर पान्यात हुब्या ऱ्हातात, तुमाला बघाया काय झालं?”

आले. तणतणत आले. वरच्या जागेची ताटली हातात दिली, भिंग दिलं. बराच वेळ बघत राहिले. “हे पळतंय बगा,” असं काहीसं पुटपुटले. मग खालची ताटली. ती लवकर परत दिली.



६ फेब्रुवारी

अहवाल ग्रामपंचायतीला दिला. तिन्ही जागांचे आकडे, शेताचा गट नंबर, ढाबासुद्धा. बद्रीनाथनं तो सगळ्यांसमोर स्वतः वाचला, एक ओळ न गाळता. आप्पासाहेब मागं बसले होते. शेवटी उठून एवढंच म्हणाले, “उद्यापास्नं वढ्यात नाय.”

विहिरीचं पाणी तपासायला पाठवलंय. तोवर हापशाचं प्यायचं ठरलं.

२० फेब्रुवारी

ओढ्यापासून लांब, बांधापलीकडं खड्डा खणलाय. अद्रक तिथंच धुतात, गाळ तिथंच बसतो. पुरेसं नाही, हे मी सांगितलं. “अजून काय करू, सांगा,” म्हणाले आप्पासाहेब. आवाज तेवढाच मोठा!

विहिरीपाशी अजून शून्य. एक पावसाळा जाऊ द्यावा लागेल.

६ मार्च

आज सारजाबाई एसटीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. म्हणाल्या, “बद्रीला गेल्या सालीच कळलं व्हतं, बाई. आमच्या पाटाखाली मासे उताने पडल्याले त्यानंच बगितले. बापाम्होरं तोंड उघडंना. म्हनला, बाईंना बोलवतो, त्यांचं आप्पा ऐकतील.”

शाळेतही असाच होता. उत्तर येत असायचं, पण हात वर करायचा नाही.