कोहळा आणि शेवटचा सीन

६ जानेवारी
चोवीस वर्षं यांचं कन्नड सिनेमात कॅमेरामन म्हणून बरं चाललं होतं. आज वरणावर तूप घेता घेता यांनी जाहीर केलं, आता स्वतः डायरेक्टर होणार. निर्मातासुद्धा मिळालाय. मी म्हटलं, गवार आणायला सांगितली तर घेवडा आणता, पन्नास माणसांना काय सांगणार? म्हणाले, तुला नाही कळायचं. मी एसएसएलसी, दहावीच शिकलेली असेन, पण सव्वीस वर्षं घर चालवते आहे. डायरेक्शन म्हणजे वेगळं काय असतं?
संकल्प: सिनेमाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

७ जानेवारी
बोलावं लागलं. मुहूर्त राहुकाळात धरला होता. बदलून घेतला. संकल्प उद्यापासून.

२ फेब्रुवारी
शूटिंग इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. डबा देऊन लगेच परत येणार होते. पाच तास थांबले.
स्टीलच्या पेल्यावर ऊन पडायची वाट बघत होते. अडीच तास. तोवर हिरो प्रणीत खुर्चीतच झोपला. उठल्यावर बिचाऱ्याने विचारलं, सर, या सीनमध्ये मी चिडलोय की दुःखी आहे? हे म्हणाले, स्वल्प, जरा डावीकडे सरक.
यांना माणसावरचं ऊन दिसतं, माणूस दिसत नाही. मला एकदाच म्हणाले होते, खिडकीपाशी बरी दिसतेस. तेही पडदा बदलायला सांगताना.

१८ फेब्रुवारी
यांची असिस्टंट चंदना, तिचा फोन. रडकुंडीला आली होती. अक्का, तुम्ही तरी सांगा सरांना, प्रणीतच्या तारखा गुरुवारी संपतात आणि शुक्रवारी तो दुसऱ्या सिनेमासाठी डोक्याचा गोटा करतोय! मुलगा बापाची माफी मागतो तो शेवटचा सीन राहिलाय. त्याच्यासाठी तर सगळा सिनेमा. का राहिलाय? हवं तसं ऊन मिळत नाही म्हणून.
यांना विचारलं. म्हणाले, गुरुवारी पावणेसहाला मिळेल. ऊन काय यांच्या भावकीतलं आहे?
जेवण मात्र तसंच टाकून उठले. म्हणाले, हा बुडाला तर परत कॅमेराही कोणी देणार नाही. डायरेक्टर झालेल्याला हाताखाली कोण घेतं?
नजर लागली आहे, दुसरं काही नाही. उपाय मला ठाऊक आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दोन कोहळे घेतले, जोडी स्वस्त पडली. एक आजचा, एक यांच्या दुसऱ्या सिनेमासाठी. कोहळा वर्षभर टिकतो.
साडेचारला पोचले. हे चंदनाला घेऊन गच्चीवर, सूर्याकडे डोळे लावून. त्यांना कशाला त्रास? खाली फाटकापाशी कोहळ्याला भोक पाडून कुंकू भरलं, कापूर लावला, सगळ्यांवरून ओवाळला आणि जनरेटरसमोर आपटला. एका दणक्यात चार फोडी.
आणि टाळ्याच टाळ्या! लाइटवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. प्रणीत कपडे बदलून आला, माझ्या पाया पडला, तुमच्या हातचा बिसीबेळे भात विसरणार नाही म्हणाला आणि गाडीत बसून गेला. लोकांत अजून श्रद्धा आहे.

तोच दिवस, संध्याकाळी सात
चंदना धापा टाकत आली. म्हणे, अक्का, काय केलंत! इथे कोहळा शूटिंग संपल्यावरच फोडतात. फुटला की सगळे आपापल्या घरी. त्यांना वाटलं, सरांनी शेवटचा सीनच गाळला. रोज एक गाळतातच.
चोवीस वर्षांत हे मला कोणी सांगायला नको? चूक यांचीच.
पावणेसहाला ऊन आलं. अगदी हवं तसं. प्रणीतने फोन बंद केलेला. यांनी रिकाम्या भिंतीवरचं ऊन घेतलं. माझा डबा न उघडताच परत दिला.

८ ऑगस्ट
सिनेमा लागला. जे. पी. नगरच्या थिएटरात बावीस माणसं, त्यातली नऊ आमची. शेवटी भिंत. चार मिनिटं नुसती भिंत. मागून कोणीतरी विचारलं, मुगीता? संपला का? त्याची बायको म्हणाली, बस रे, पोरगा बापाकडे यायचाय अजून. दिवे लागले तरी दोघं बसून होती.
ऊन सुंदर होतं, हे मान्य करायला हवं.
आभाराच्या यादीत जनरेटरवाला आहे. एका सीनला गाय देणारा गायवाला आहे. मी नाही. मला काय त्याचं! नीट वाचली, म्हणून माहीत.

११ ऑगस्ट
एका परीक्षणात भिंतीचं कौतुक. असा शेवट करायला धाडस लागतं, असं लिहिलंय. धाडस कोणाचं? कोहळा कोणी फोडला? यांना वाचून दाखवलं. उठून गच्चीवर गेले.

१५ ऑगस्ट
सिनेमा उतरला.

२ नोव्हेंबर
यांना काम आलं. कॅमेऱ्याचंच. डायरेक्टर कोण, तर चंदना! मी म्हटलं, जा हो, सुटलो. पहिल्या दिवशी मी येते.
म्हणाले, तिला होकार देताना एक अट ठरली आहे. तू सेटवर यायचं नाहीस.
मी म्हटलं, बघा, कालची पोरगी आणि अटी घालते!
म्हणाले, तिची नाही. माझी.
दुसरा कोहळा फडताळाखालून काढला आणि किसायला घेतला. सांडगे घालते. कुठे वाळवू म्हणून विचारलं. बऱ्याच महिन्यांनी नीट उत्तर दिलं त्यांनी. गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात, तिथे चारपर्यंत ऊन असतं.