हजेरीच्या कागदावरचा खुशालराव

अमरावती,
श्रावण वद्य ४, शके १७८६

चंद्रभान, गड्या, रामराम.

तुझी चिठ्ठी आणि हजेरीचा कागद दोन्ही शनिवारी हातात पडले. घरी सगळे बरे आहेत. पार्वताबाईचे गुडघे पावसाळ्यात दुखतात, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. पेढी नदीला पूर आहे म्हणून वलगावला येणं झालं नाही, असं लिहिणार होतो. पण पूर कालच उतरला, ते तुलाही दिसलंच असेल. तेव्हा आलो नाही, एवढंच लिहितो.

इथे कापसाशिवाय दुसरी गोष्ट नाही. अमेरिकेतली लढाई चालू आहे तोवर वऱ्हाडाचे दिवस सोन्याचे, असं सगळे म्हणतात. आमच्या गल्लीतला न्हावीसुद्धा दाढी करता करता मुंबईचा भाव विचारतो, आणि भाव चढलेला ऐकला की वस्तरा जरा जोरात चालवतो. आमच्या शेठजींच्या कापसाच्या आवारात मी देखरेख करतो, तिथं मला सगळे 'कप्तानसाहेब' म्हणतात. तू हसशील. एलिचपूरच्या छावणीतल्या तोफखान्याच्या शाळेतून निघालो त्याला बत्तीस वर्षं झाली आणि हवालदाराच्या पुढे मी कधी गेलो नाही, हे तुला माहीत आहे. आवारात ते कोणाला माहीत नाही.

हजेरीचा कागद वाचून बरं वाटलं. शाळेतल्या आपल्या सोळा जणांचे अकरा उरलो, तरी दसऱ्याआधी प्रत्येकजण आपल्या हातानं एक ओळ आणि 'हाजिर' लिहितो, हे काही थोडं नाही. हिंगोलीच्या उत्तमरावानं लिहिलं आहे की पुढचे दात पडल्यामुळे हुकूम दिला की फक्त वारा निघतो. हे वाचून पार्वताबाईही हसली.

आता तू विचारलंस त्याबद्दल. खुशालराव लबाडीच्या कामात कैदेत गेला, तेव्हा त्याचं नाव हजेरीतून काढावं, असं उत्तमरावाचं म्हणणं. सगळ्यांची संमती हवी, एकाचीही ना असली तर नाव राहतं, हा आपलाच जुना ठराव. बाकीच्यांच्या सह्या झाल्या आहेत. माझीही केली आहे. 'आवार तुझं होतं, तुला जास्त माहीत असेल,' असं तू लिहिलंस. मला जास्त काही माहीत नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रामराव


अकोला, जुने शहर,
भाद्रपद शुद्ध ११, शके १७८६

चंद्रभान,

श्रावणातली माझी चिठ्ठी फाडू नकोस. ती ठेव आणि ही तिच्याशेजारी ठेव. दसऱ्याला सगळे तुझ्या ओसरीवर जमतील तेव्हा दोन्ही मोठ्यानं वाच. तुला वाचवणार नाही असं वाटलं तर भगवंतरावाला दे. त्याचा आवाज खणखणीत आहे आणि त्याला माझी कीव यायची नाही.

गेल्या आठवड्यात खुशालरावाची मैनाबाई आमच्या दारात आली. दर्यापूरहून चालत आली होती. हातात भाकरी आणि तिळाच्या चटणीचं गाठोडं. मला वाटलं, आता ही चार लोकांत मला बोलणार. मी पार्वताबाईला आत जायला सांगितलं. मैनाबाई म्हणाली, "भाऊजी, तुमी साहेबलोकात उठता-बसता. अकोल्याच्या कैदखान्यात तुमाले आत सोडतीन. मले दोनदा परत पाठवलं. येवढं त्याह्यले देता काय?"

मी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"काई नाई. त्याह्यनंच निरोप धाडला होता, का रामरावले काई विचारजो नोको."

ते गाठोडं घेऊन मी अकोल्याला आलो. आता जे लिहायचं ते लिहितो.

दारूखान्यात उस्ताद आपल्याला काय शिकवायचे, आठवतं? तोफेच्या दारूचं पिंप हलवायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे ठिणगी पडत नाही. चैत्रात आवारात रुईच्या थप्प्या आभाळाला लागल्या होत्या, ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नव्हता, आणि गाडीवाले चिलमी ओढत आत यायचे. मी खुशालरावाला पहाऱ्यावर ठेवलं होतं, ते आपला माणूस म्हणूनच. त्याला सांगितलं, रोज सकाळी थप्प्यांभोवतीच्या जमिनीवर पाणी मार. तोवर माझ्या मनात आगीशिवाय दुसरं काही नव्हतं. ही एवढी एकच गोष्ट मला माझ्या बाजूनं लिहिता येते.

खालच्या थरानं ओल धरली. त्या गाठी तोलताना जास्त भरल्या. शेठजी खूश झाले. मला म्हणाले, "कप्तानसाहेब, आपका फौजी तरीका बहुत अच्छा है. थोडा और चलने दो." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी मी खुशालरावाला सांगितलं, जमिनीवर नको, थप्पीवर मार.

तो घागर खाली ठेवून उभा राहिला. "रुईवर? काहून?"

"हुकूम आहे म्हणून."

"तुहा?"

"माझा."

"मंग ठीक," म्हणाला, आणि घागर उचलली. महिनाभर त्यानं रोज पाणी मारलं.

त्या गाठी मुंबईत फोडल्या तेव्हा आतली रुई पिवळी पडून कुजली होती. आषाढात चौकशीला साहेब आले. आवारात सगळ्यांना रांगेत उभं केलं. पाणी कोणी मारलं? खुशालराव एक पाऊल पुढे आला. "म्या मारलं." कोणाच्या हुकमानं? तो काही बोलला नाही.

तो का बोलला नाही हे त्या साहेबाला कळलं नाही, शेठजींना कळलं नाही. तुला कळेल, म्हणून तुलाच लिहितो आहे. हुकूम देणाऱ्यानं 'हुकूम माझा' असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. पाळणाऱ्यानं त्याचं नाव घ्यायचं नाही, गप्प उभं राहायचं. हे आपल्याला चौदाव्या वर्षी शिकवलं, आणि तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तसाच उभा होता. टाचा जुळवून, नजर समोर. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मला वेळ देत होता. साहेबानं तीनदा विचारलं. चंद्रभान, तीनदा.

मी शेठजींच्या शेजारी खुर्चीवर बसलो होतो. साहेबानं मघाशीच मला 'कॅप्टन' म्हणून हाक मारली होती. उठलो असतो तर ती हाक पुन्हा कानावर आली नसती. मी एवढ्यासाठी गप्प बसलो. याहून मोठं कारण शोधायचा मी दोन महिने प्रयत्न केला, सापडलं नाही.

त्याला तीन महिन्यांची कैद झाली. मला शेठजींनी पागोटं बांधलं.

कैदखान्यात तो मला पाहून हसला. वाळलाय, दाढी पांढरी झालीय. "काय कप्तान, इथं आग लागली काय? पानी माराले बलावलं?" गाठोडं सोडून त्यानं आधी चटणी हुंगली. मी क्षमा मागायची म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "बरं झालं आला तू. दसरा जवळ आला. इथं दौत-लेखनी देत नाईत. हजेरीच्या कागदावर माही ओळ तू लिवजो. जास्त नोको. खुशाल हाजिर, येवढंच लिव. चंद्रभानले अक्षर वळखू येईन का दुसऱ्याचं हाय, पन चालून जाईन यंदा."

मी 'हो' म्हणालो. त्या कागदावरून त्याचं नाव काढायला सही करून वीस दिवस झाले होते, आणि मी 'हो' म्हणालो.

मोर्णा नदीच्या काठावर दुपारपर्यंत बसून राहिलो. मग कचेरीत जाऊन जबानी दिली. शिरस्तेदारानं दोनदा वाचून दाखवली, मी दोनदा कायम केली. काल साहेबानं खुशालरावाला समोर आणवलं आणि विचारलं, हा म्हणतो ते खरं का? खुशालरावानं आधी मला विचारलं, "म्हटलं का तू?"

"म्हटलं. हुकूम माझा."

मग तो साहेबाकडे वळला. "हो जी. त्याचाच होता."

त्याला काल संध्याकाळी सोडलं. माझ्याबद्दल सोमवारी ठरेल. तोवर इथे एका ओळखीच्याकडे जामिनावर आहे. तुम्ही कोणी रदबदलीला येऊ नका.

दारातून बाहेर पडताना मी त्याला सह्यांचं सांगितलं. न सांगता राहवलं नाही, किंवा राहवलं असतं आणि तेच नको होतं. तो थांबला. "कोनाकोनाच्या?"

"सगळ्यांच्या."

"चंद्रभानची?"

"हो."

"तुही?"

"माझीही."

साहेबासमोर, कैदेत, कुठेच त्याची मान खाली गेली नव्हती. ती तेव्हा गेली. मी म्हणालो, गाडी आणली आहे, दर्यापूरपर्यंत सोडतो. "नोको," म्हणाला. "दोन महिने बसूनच होतो. चालतो." थोडं पुढे जाऊन वळला. मला वाटलं, आता शिवी देईल, आणि बरं वाटलं. पण म्हणाला, "मैनाले हे सह्यांचं सांगू नोको." आणि गेला.

माझी संमती मी परत घेतो. एक ना पुरेशी आहे, तेव्हा त्याचं नाव राहील. पण तेवढ्यावर थांबू नका. सह्या करणारे सगळे दर्यापूरला जा. त्याच्या दारात उभे राहा. तो आत बोलावेल की नाही, मला सांगता येत नाही. मी त्यात नसावं.

तुम्हां सगळ्यांची मान त्याच्यापुढे खाली घालायला लावणारा,
रामराव