मुदतीआधी फेडलेलं घर

रविवार, ३ मार्च १९५७
सासूबाईंचे पैसे आले. सुंदराबाईंनी मालवणचा माडांचा तुकडा विकून दोन हजार रुपये लेकीला पाठवले. अट एकच: आमच्या प्रभादेवीच्या घराचं गहाण सोडवायचं. दिवाळीत आल्या होत्या तेव्हा उंबऱ्याशीच अंग मुडपून झोपायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "गहाण घरात माका पाय पसरूक जमाचा नाय." अडाणी समजूत. पण मालनने ते मनावर घेतलंय.

घर मूळचं बेट्टीबाईंचं. नवरा वारल्यावर त्यांनी या दोन खोल्या आम्हाला विकल्या आणि मुलीला, कार्मेनला, घेऊन ठाकूरद्वारला बहिणीकडे गेल्या. आम्ही अर्धे पैसे रोख दिले, बाकीच्यासाठी घर त्यांच्याकडेच गहाण ठेवलं. व्याज सहा टक्के. मुदत अजून तीन वर्षं.

आता सहा टक्क्यांचं कर्ज फेडायचं, की बारा टक्के सुटणारे शेअर घ्यायचे? गणित येणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. मला गणित येतं. शिपिंग कंपनीत हेडक्लार्क आहे. (होणार आहे.)

बुधवार, ६ मार्च
मालन म्हणाली, आईने ज्यासाठी दिले त्यालाच लावा. तिला टक्केवारी समजावून सांगितली. ती मुलांच्या वह्या तपासत होती. मास्तरणीचा हाच दोष, चूक-बरोबर दोनच खुणा माहीत.

माझं अनुमान असं. निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत काँग्रेसची दाणादाण उडवली. उद्या मुंबई महाराष्ट्रात जाणार म्हणून शेठ लोक घाबरलेत, म्हणून शेअर स्वस्त. हीच घ्यायची वेळ. मुंबई आपल्याला मिळालीच पाहिजे, शिवाजी पार्कच्या सभेत माझाही घसा बसला होता. पण माझी खरेदी होईपर्यंत चार दिवस थांबली तर बरं. हे बाहेर बोलायचं नाही.

शनिवार, १६ मार्च
कार्मेन ऑफिसात आली. तिचं नोव्हेंबरात लग्न धरलंय, सिल्वेस्टर म्हणून गोदीत फिटर आहे त्याच्याशी. आईने विचारलंय, गहाणाचे पैसे थोडे आधी मिळतील का. पैसे त्या वेळी माझ्या ड्रॉवरमध्ये होते. मी म्हटलं, हे बघ, करार म्हणजे करार. तो दोन्ही बाजूंच्या हिताचा असतो. इराण्याकडे नेऊन चहा पाजला. पोरगी समंजस आहे. तिला पटलं असावं. चहा मात्र अर्धा टाकून गेली.

सोमवार, १ एप्रिल
आजपासून नवे पैसे. कंडक्टर आणि पॅसेंजर सगळेच गोंधळलेले. मी नाही.

शेअर घेतले. ऑफिसातल्या दत्तारामच्या ओळखीचा दलाल आहे. शेअर एका कापडगिरणीचे. गिरणी जुनी, भक्कम, भोंगा लालबागेपर्यंत ऐकू येतो.

घरी येऊन मालनला म्हटलं, काम झालं. कुठलं ते तिने विचारलं नाही. देवापुढे साखर ठेवली. म्हणजे मी खोटं बोललो नाही. नंतर तिने कागद विचारला, तेव्हा म्हटलं, रजिस्ट्रारकडे आहे, वेळ लागतो. हे खोटं, पण छोटं. वर्षभरात शेअर वाढले की विकायचे, बेट्टीबाईंचं फेडायचं, वरचा नफा मालनच्या हातावर ठेवायचा. तेव्हा हसेल.

रविवार, २१ एप्रिल
सासूबाई आल्या. रात्री खोलीच्या मधोमध पाय पसरून झोपल्या. घोरतात.

मालनने पुढच्या रविवारी सत्यनारायण ठरवलाय, घर सुटलं म्हणून. बेट्टीबाईंना निमंत्रण गेलंसुद्धा. मी म्हटलं, ते ख्रिश्चन लोक, पूजेला कशाला येतील. ती म्हणाली, येतील, त्यांनीच तर घर दिलं आपल्याला.

रविवार, २८ एप्रिल
आल्या.

मी सोवळं नेसून पाटावर, मालन शेजारी, भटजी समोर. उठता येईना. बेट्टीबाई दारात निशिगंधाची फुलं घेऊन उभ्या. सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्या शेजारपाजाऱ्यांसमोर म्हणाल्या, "बाय गो, तुमचे पैसे फिटले, आता घर मोकळा झाला. तुमचे उपकार."

बेट्टीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाल्या, "हां आई. मोकळं झालं. देव तुमचं बरं करो."

प्रसाद घेतला, कपाळाला लावला. बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. बाजाराबद्दल थोडं सांगावं असा विचार होता. त्या एवढंच म्हणाल्या, "शामराव, तुमची सासू किती खूश होती." तेवढ्यात बस आली.

कान अजून गरम आहेत. समईजवळ बसल्यामुळे असेल.

गुरुवार, १६ मे
दिल्लीचं बजेट आलं. नवनवे टॅक्स. बाजार कोसळला. दत्ताराम म्हणतो, विकून टाक, अजून पडेल. मी म्हटलं, मी लांबचा विचार करणारा माणूस आहे. त्याने स्वतःचे मार्चमध्येच विकले होते. मला सांगायचं राहिलं म्हणतो.

सासूबाई मालवणला परत गेल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जावई असावा तर असा, म्हणाल्या. केस नीट करायला आरशात पाहिलं, पण जास्त पाहिलं नाही.

शनिवार, २९ जून
घरात मासळी बंद झाली. चहात दूध कमी. मालनने नवं लुगडंही घेतलं नाही, छत्रीला ठिगळ. म्हणते, शाळेच्या पगारातून काहीतरी कापतात. महागाई सगळीकडेच आहे. तिला काटकसर आणि गुंतवणूक यांतला फरक समजावून सांगितला. ब्लाउज उसवत ऐकत होती.

मध्येच म्हणाली, "आणि समजा, भाव उतरले तर?"

म्हटलं, कसले भाव?

"काही नाही. तुम्ही सांगत होता ना."

रविवार, १ सप्टेंबर
शेअर जवळजवळ निम्म्यावर आले. निश्चय: विकायचे, आणि मालनला सगळं सांगायचं. आज नाही. घरात पाहुणे, गणपतीचे दिवस. गुरुवारी नक्की.

सोमवार, १४ ऑक्टोबर
शेवटी विकले. दलालाची दलाली वजा जाता अकराशेच्या आसपास हाती आले. दलाल म्हणाला, साहेब, थोडं थांबला असतात तर. हाच माणूस एप्रिलात थांबू नका म्हणत होता.

बेट्टीबाईंना एवढे आत्ता द्यायचे, बाकीचे हप्त्याने. कार्मेनचं लग्न महिन्यावर आलंय. त्यांना आनंदच होईल.

शनिवार, १९ ऑक्टोबर
ठाकूरद्वारला गेलो. पाकीट टेबलावर ठेवलं. बाजाराची परिस्थिती सांगायला सुरुवात केली. बेट्टीबाईंनी पाकीट उचललंच नाही. म्हणाल्या, "हे कसले पैसे? तुमचं गहाण तर मे महिन्यात सुटलं."

मला समजेना. त्यांनी सांगितलं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी मालन शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेली होती. पूजेत बेट्टीबाईंचा चेहरा पाहिला होता, म्हणून. खरं काय ते विचारलं. मग शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून सगळे पैसे फेडले आणि कागद सोडवून नेला.

"मला म्हणाली, शामरावांना काही बोलू नका. ते स्वतः सांगतील."

मे ते ऑक्टोबर. चहातलं दूध, छत्री, ब्लाउज. आणि मी तिला काटकसर शिकवत होतो.

बेट्टीबाईंनी पाकीट माझ्या खिशात घातलं आणि लग्नाला दोघांनीही यायचं म्हणून सांगितलं. चालतच घरी आलो. बसमध्ये कोणी ओळखीचं भेटलं असतं.

मालन तांदूळ निवडत होती. पाकीट पुढे ठेवून म्हटलं, "मालन, मी पैसे फेडलेच नव्हते. शेअर घेतले होते. एवढेच उरलेत."

तिने सूप खाली ठेवलं. "सांगितलंत. बरं झालं."

रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. रागावली नाही. पाकीट पतपेढीत भरते म्हणाली. मग म्हणाली, "आईला कळू द्यायचं नाही. तुमच्यासाठी नाही. तिने माड विकलेत."

जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर
कार्मेनचं लग्न. चर्च झाल्यावर वाडीत मांडव. बँडबाजा, केक, पोर्क, आमच्यासाठी वेगळी कोळंबी. मालन जुन्याच लुगड्यात. आम्हाला पुढच्या टेबलावर बसवलं.

घरून ठरवून गेलो होतो की आज मालनच्या देखत बेट्टीबाईंची माफी मागायची. वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

बेट्टीबाईंचा मेहुणा झेवियर ग्लास घेऊन उभा राहिला. त्याला आतलं काही माहीत नाही. सगळ्यांना म्हणाला, आजच्या जमान्यात मुदत संपली तरी लोक पैसे देत नाहीत. पण प्रभादेवीच्या या शामरावांनी तीन वर्षं आधी पै न पै फेडली, म्हणून आमच्या पोरीचं लग्न कर्ज न काढता झालं. शामराव, उभे राहा.

बेट्टीबाई उठून त्याची बाही ओढायला लागल्या. त्याला वाटलं, त्या लाजतायत.

मांडवभर टाळ्या. सिल्वेस्टर नवरदेवाच्या खुर्चीतून उठून आला, दोन्ही हातांनी माझा हात धरला. कार्मेन मात्र बसूनच राहिली. तिला ऑफिसातला चहा आठवत असेल. मालन ताटातल्या कोळंबीची सालं एका बाजूला करत होती.

मी उभा राहिलो. मी नाही, हिने फेडले, एवढंच म्हणायचं होतं. सगळे बघत होते.

थँक यू म्हणालो आणि खाली बसलो.