अकरा पिंपं, एकच शेरा

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला बसलो होतो, पण माझ्या थापा तुला लगेच कळतात. सध्या आमच्या कारखान्यात बर्बन चाखायचं काम चालू आहे. पिंपातून निघते तशीच, पाणी न घालता बाटलीत भरायची व्हिस्की, साठ टक्क्यांच्याही वर कडक. अकरा पिंपांतून एक मी निवडायचं. आधी वास, मग छोटा घोट, मग थेंब थेंब पाणी घालून पुन्हा वास. पाण्याने ती मोकळी होते आणि आत दडलेलं सगळं वर येतं.

काल माझ्या हाताखालच्या बाईंनी वही पाहिली आणि हसत विचारलं, की अकराही पिंपांना ‘जळक्या लाकडाचा वास, उत्तम’ हा एकच शेरा कसा. मी म्हटलं, बर्बनचं पिंप आतून जाळलेलंच असतं. त्या म्हणाल्या, सातव्यात तर तो वास जवळजवळ नाहीच. मी त्यांना नवख्या ठरवून मोकळा झालो. मग ग्लास विसळून साधं पाणी घेतलं आणि सवयीने हुंगलं. पाण्यालाही जळका वास. हात धुतले तर साबणालाही तोच. ताई, वही उघडून सगळे शेरे पुन्हा वाचले. म्हणजे इतके दिवस मी कशाला उत्तम म्हणत होतो?

दाजींना सांगू नकोस, ते गावभर करतील. लोभ आहेच, तो जरा जास्त असू दे.

तुझा,
नाकोबा

ता. ७ मार्च

चि. नाकोबास,
अ. आ.

बायकांचं ऐकायची सवय तुला लहानपणापासून नाही, त्या बाईंना माझ्यातर्फे पेढे दे. सर्दीनेही असं होतं, घाबरू नकोस. पण सोमवारच्या आत डोक्याचं स्कॅनिंग करून घे. वास येतो तेव्हा क्षणभर हरवल्यासारखं होतं का? हातातली वस्तू पडते का? खरं खरं कळव.

आमच्या वॉर्डात हे रोजचंच आहे असं लिहिणार होते, पण नर्सने पेशंटशी खोटं बोलू नये. मी दोनदाच पाहिलंय. त्या दोघांचं पुढे काय झालं ते विचारू नकोस. दाजींना सांगितलंय, माझा नाइलाज झाला.

जपून राहा, एवढंच मागणं.

ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाठ आहे. लिंबाएवढी, कपाळाच्या मागे, नेमकी वासाच्या नसेवर. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, पुढच्या आठवड्यातच ऑपरेशन. मालकांना जाऊन सांगितलं की माझे शेरे धरू नका. पिंप आता बाई निवडतील. मला वाटलं होतं लाज वाटेल, पण नुसती भीती वाटली.

मरायची भीती वाटते, हे कबूल. पण त्याहून जास्त भीती उठल्यावर काहीच वास येणार नाही याची आहे. अठरा वर्षं या नाकावर जगलोय, दुसरं काही मला येत नाही. संमतीच्या कागदावर सही तुझी असणार. डॉक्टरांना सांग, काहीही झालं तरी नस वाचवा. वचन दे, तरच मी आत जाईन.

ये लवकर. एकट्याला घर खायला उठतं.

तुझा,
नाकोबा

ता. २१ मार्च, दुपारी

चि. नाकोबास,
अ. आ.

तू आत आहेस आणि मी बाहेरच्या बाकावर. तोंडाने सांगायची हिंमत होणार नाही, म्हणून हे तुझ्या उशाशी ठेवीन.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. गाठीचं एक टोक नसेला चिकटलंय. नस वाचवायची तर टोक आत राहणार, पुन्हा वाढणार. सगळं काढलं तर वास कायमचा गेला. त्यांना तिथल्या तिथे उत्तर हवं होतं. दाजींनी हळूच आठवण करून दिली की सकाळीच तुझा हात धरून मी वचन दिलंय. वॉर्डात मी इतक्या लोकांना धीर देते, आज स्वतःला देता येईना.

मी डॉक्टरांना सांगितलं, सगळं काढा.

तुला विचारलं असतं तर तू नाक मागितलं असतंस. मला भाऊ हवा होता. रागाव, शिव्या दे, वर्षभर बोलू नकोस. पण त्यासाठी आधी जागा हो. दार अजून उघडलेलं नाही.

लोभ राहू दे, असं लिहायला आज हात धजत नाही.

ताई